बेटावर पाहुणे म्हणून जाताना : वाचकांचे प्रश्न

लक्षद्वीपला हॉटेलात न उतरता तिथल्या एखाद्या कुटुंबात राहायचं, या विषयावर पुण्यातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आम्ही दोन जोडपी डिसेंबरात आठ दिवस मिनिकॉयला एका घरी राहायचं म्हणतोय. पुणे-कोची विमान आत्ता स्वस्त दिसतंय. काढून ठेवावं का? (कोथरूड)

उत्तर : नको. आधी यजमान, मग परवाना, मग जहाज आणि सगळ्यात शेवटी पुणे-कोची, हा क्रम पाळा. बहुतेकांचे पैसे तो उलटा केल्यामुळेच बुडतात.

लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. १९६७च्या नियमांपासून ही पद्धत आहे. तिथले जवळपास सगळे मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत येतात आणि ३६ बेटांची मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर आहे. त्यातल्या दहाच बेटांवर पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. परवाना बेटाच्या नावाने निघतो. मिनिकॉयचा परवाना घेऊन ‘जाता जाता कदमतही बघू’ असं जमत नाही. दुसरं बेट हवं असेल तर ते अर्जातच लिहावं लागतं. उतरल्यावर परवाना तिथल्या पोलीस ठाण्यात दाखवायचा असतो.

यजमानाशी पहिल्याच फोनवर तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या : घर पर्यटकांसाठी नोंदवलेलं आहे का, परवान्याचा अर्ज कोण भरणार आणि जहाजाचं तिकीट कोण काढणार. ‘सगळं मी बघतो, पूर्ण पैसे आजच पाठवा’ असं एखादा मध्यस्थ म्हणाला तर तिथेच थांबा. परवाना हातात येईपर्यंत थोडीशी आगाऊ रक्कम पुरे.

अर्जासोबत पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितलं जातं, प्रत्येक प्रौढाचं वेगळं. अर्ज ऑनलाइन होतो, पण तुम्ही कोणत्या हद्दीत राहता ते नीट बघा. कोथरूड पुणे शहर आयुक्तालयात येतं. निगडी-वाकडकरांना २०१८पासून पिंपरी-चिंचवडचं वेगळं आयुक्तालय आहे आणि जिल्ह्यातल्या गावांसाठी पुणे ग्रामीण. चुकीच्या हद्दीत भरलेला अर्ज नुसता पडून राहतो. पंधरा-वीस दिवस हाताशी धरून अर्ज टाका.

आपल्याकडे खरा घोळ नावांचा होतो. आधारवर माहेरचं आडनाव, प्रमाणपत्रावर सासरचं, एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यावर नाहीच. परवाना, प्रमाणपत्र आणि जहाजाचं तिकीट या तिन्हींवर नाव ओळखपत्रावर आहे तसंच हवं, अगदी स्पेलिंगसकट.

जहाज कोचीच्या विलिंग्डन बेटावरून सुटतं. मिनिकॉय तिथून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. बेटानुसार आणि हवेनुसार प्रवासाला १४ ते २० तास लागतात. कोचीहून अगत्तीला छोटं विमान आहे, पण मिनिकॉय अगत्तीपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दक्षिणेला, नाइन डिग्री चॅनल या रुंद समुद्रपट्ट्याच्या पलीकडे आहे. तुमच्या बेताला त्या विमानाचा उपयोग नाही. शिवाय अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची असल्यामुळे विमानात वजन मोजून घेतात आणि जादा सामान मागे राहतं.

जहाज ही बेटावरच्या लोकांची एसटी आहे. दवाखान्यात जाणारे, कोचीत शिकणारी मुलं, लग्नाची मंडळी सगळी त्यावरच. डिसेंबरच्या सुट्टीत जागा कमी पडतात आणि पहिला हक्क त्यांचा असतो, तसा तो असायलाही हवा. वेळापत्रक हवेमुळे किंवा दुरुस्तीमुळे सरकतं. म्हणून कोचीत जाताना एक आणि परतताना दोन दिवस मोकळे ठेवा. जहाजाचा वेळही धरला तर तुमच्या आठ दिवसांतले बेटावरचे जेमतेम तीन-चारच निघतील. ते मान्य नसेल तर मिनिकॉयऐवजी विमानाने अगत्ती बरं. कोचीला रेल्वेने, पूर्णा एक्स्प्रेसने जाणार असाल तर ती आठवड्यातून एकदाच आहे. जहाजाची तारीख सरकली की ते आरक्षण वाया जातं.

प्रश्न : आईचं वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. जहाजातून होडीत उतरावं लागतं म्हणतात. तिला न्यावं का? (निगडी)

उत्तर : बेटाचं नाव कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. बेटांभोवती प्रवाळाची भिंत आणि आत उथळ खारकच्छ, म्हणजे लगून, असल्यामुळे मोठं जहाज सगळीकडे धक्क्याला लागत नाही. काही बेटांना पूर्व किनाऱ्यावर धक्का आहे, तिथेही लाट मोठी असली की जहाज बाहेरच उभं राहतं. मग जहाजाच्या कुशीतल्या दारातून लहान बोटीत उतरायचं. अवघड असतो तो एकच क्षण. होडी लाटेबरोबर वर येते आणि खाली जाते. ती सगळ्यात वर आली की पाऊल टाकायचं, खाली जात असताना कधीच नाही. खलाशी दोन्ही दंड धरून घेतात. त्यांचं ऐकायचं, स्वतःच्या अंदाजाने उडी मारायची नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून चाकांची बॅग नको, पाठीवरची सॅक न्या आणि तीही आधी खलाशाकडे द्या. साडीपेक्षा सलवार-कमीज बरी. चपला पायाला बांधलेल्या हव्यात.

ज्यांना पीएमपीच्या बसची वरची पायरी आधाराशिवाय चढता येत नाही, त्यांनी ही उतराई टाळावी असं आमचं स्पष्ट मत आहे. आईंना विमानाने अगत्तीला न्या आणि तिथेच राहा, पुढच्या बेटाचा हट्ट नको.

जहाज लागण्यावर आपल्याकडे घाटात घेतात तीच ॲव्होमिनसारखी गोळी चालते. ती निघण्यापूर्वी तासभर घ्यायची, उलट्या सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते आणि वयस्करांचा तोल जातो, त्यामुळे आईंच्या इतर औषधांबरोबर चालेल का ते डॉक्टरांना विचारा आणि उतरण्याच्या वेळेआधी पुन्हा देऊ नका. केबिन खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्याजवळची घ्या, तिथे हेलकावे कमी लागतात. गंभीर रुग्णाला बेटावरून हेलिकॉप्टरने हलवतात, पण ते हवेवर अवलंबून असतं. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्यांनी किंवा गरोदर बाईने हा प्रवास पुढे ढकलावा.

प्रश्न : घरात राहताना कसं वागायचं? पैसे दिले म्हणजे हॉटेलसारखंच ना? (सहकारनगर)

उत्तर : नाही, आणि सर्वांत मोठा फरक पाण्यात आहे. या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं असतं. घराची विहीर म्हणजे त्या थराला पाडलेलं उथळ भोक. पंप जोरात चालवला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. ती पुन्हा गोडी व्हायला पुढचा पावसाळा लागू शकतो. कवरत्तीला २००५मध्ये समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या आणि खोलवरच्या पाण्याच्या तापमानातला फरक वापरून रोज एक लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प उभा राहिला. २०११मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही तसेच झाले. ते पाणी पिण्यासाठी आहे. चार पुणेकरांनी दिवसातून दोनदा शॉवर घेण्यासाठी नाही. समुद्रातून आल्यावर एक बादली पुरवा, विहिरीच्या काठाशी साबण नको, कपडे शक्यतो कोचीत धुवा. विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, कारण शौचखड्डे फार दूर नसतात.

घरातला शब्द बहुधा बाईचा असतो. समाज मुस्लिम आहे आणि वारसा आईकडून चालतो. घराण्याच्या सामाईक मालमत्तेला तिथे ‘शुक्रवारची’ आणि स्वकष्टार्जित मालमत्तेला ‘सोमवारची’ मालमत्ता म्हणतात. त्यामुळे जेवणाची वेळ, खोली, फोटो यांबद्दल नुसतं घरच्या पुरुषाशी बोलून भागत नाही, त्या बाईंना विचारा. मिनिकॉयमध्ये गावाच्या पुरुषप्रमुखाला बोडुकाका आणि स्त्रीप्रमुखाला बोडुताता म्हणतात. ऐकून आपलेच काका आठवतील. गावाच्या सामाईक घरात जायचं तर यजमानाला सोबत घेऊन जा.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे, गावात तरी. पोहायचे कपडे वस्तीसमोरच्या किनाऱ्यावर नकोत. दारू बंगाराम बेट सोडून सगळीकडे बंद आहे. ‘एक बाटली बॅगेत लपवू’ हा विचार यजमानाचा परवाना धोक्यात आणतो, तुमचा तर आणतोच. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बोट, जेवण, फेरफटका यांपैकी काही ठरवू नका. रमजानात जायचंच असेल तर दिवसा उघड्यावर खाणं टाळा.

हिशेब मुक्कामाच्या आधीच बोलून घ्या : माणशी रोजचे किती, त्यात जेवणं किती, बोटीचं वेगळं का. निघताना घासाघीस शोभत नाही. जानेवारी २०२४मध्ये कोचीहून समुद्राखालची केबल सुरू झाली, तेव्हापासून इंटरनेट सुधारलंय. तरी रोख पैसे न्याच, एटीएमचा भरवसा नको. भेट म्हणून बाकरवडी उत्तम. पण कोचीच्या बाजारातून घेतलेले पाच किलो कांदे, आलं, लसूण आणि हिरव्या मिरच्या पाहून यजमानीणबाई जास्त खूश होतील. तिकडे भाजी जहाजानेच येते.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. उपाशी राहू का? (सदाशिव पेठ)

उत्तर : उपाशी राहणार नाही, पण कंटाळाल. भात, नारळ, केळी, डाळ आणि आपल्या कोकणातला नीरफणस मिळतो. अडचण मासमीनची. टूना उकडून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा कडक वाळवतात आणि त्याचा चुरा चटणीत, सामोशात, कधी भाजीतही घालतात. तो दिसत नाही आणि यजमानाच्या मते तो ‘मासा’ नसून मसाला असतो. नुसतं ‘मीन वेण्डा’ (मासा नको) म्हणून पुरत नाही, ‘मासमीनही वेण्डा’ असं पहिल्याच दिवशी सांगा. हे मल्याळम बाकी बेटांवर चालतं. मिनिकॉयची भाषा महल, पण मल्याळम तिथेही समजतं. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि थोडं साजूक तूप न्या, एखाद्या संध्याकाळी थालीपीठ तुम्हीच लावा. त्यांच्या चुलीवर, त्यांना विचारून.

प्रश्न : मुलांना शंख-शिंपले आणि पोवळ्याचा तुकडा आणायचाय. (हडपसर)

उत्तर : पोवळं आणू नका, किनाऱ्यावर मेलेलं पडलेलं असलं तरी. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत, आणि परतताना सामान तपासतात. काही शंखांनाही संरक्षण आहे आणि मुलांना त्यातला फरक कळणार नाही. तेव्हा रिकाम्या हाती या.

त्यापेक्षा मुलांसाठी जाड तळव्याचे रबरी बूट घ्या. प्रवाळाने कापलेलं वरवर दिसतं, पण बारीक कण आत राहून चिघळतं. गोड्या पाण्याने घासून धुवा आणि जंतुनाशक लावा. दगडमासा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, त्याचं विष उष्णतेने निकामी होतं. मग दवाखाना. ओहोटीच्या वेळी खारकच्छाचं पाणी भिंतीतल्या वाटेने बाहेर ओढलं जातं, त्या वाटेच्या आसपास पोहायला नको. ती वाट कुठे आहे हे यजमानाच्या पोरालाही माहीत असतं.

प्रश्न : एवढ्या कटकटीपेक्षा मालदीव बरं नाही का? (बाणेर)

उत्तर : कागदांच्या बाबतीत सोपं आहे. व्हिसा आधी काढावा लागत नाही, फक्त प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन घोषणापत्र भरायचं. २००९नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली, त्यामुळे रिसॉर्टशिवायही राहता येतं. पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये माणशी रात्रीला ६ डॉलर हरित कर लागतो, त्याहून मोठ्यांत १२. सरकारी फेरी स्वस्त आहे, पण शुक्रवारी बहुतेक बंद असते. गुरुवारी संध्याकाळी मालेत उतरलात तर दोन रात्री तिथेच. वस्तीच्या बेटांवर दारू आणि डुकराचं मांस चालत नाही, पोहायच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा राखलेला असतो. आणि पूजेच्या मूर्ती देशात न्यायला बंदी आहे, पर्समधला गणपती घरीच ठेवा. मिनिकॉयहून मालदीवचं उत्तरेचं टोक सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण पर्यटकाला तिथून पलीकडे जायची सोय नाही.

प्रश्न : जून-जुलैत गेलं तर गर्दी नसेल ना? (औंध)

उत्तर : गर्दी नसेल, बोटीही नसतील. बेटांमधल्या जलद बोटी पावसाळ्यात बंद राहतात, मोठी जहाजं खोळंबतात, होडीतली उतराई धोक्याची होते आणि भाजी संपली की यजमानाच्याच ताटात कमी पडतं. ऑक्टोबरनंतरची तारीख धरा. पावसाळ्यात घरबसल्या आधार आणि पॅनवरची नावं जुळवून घ्या, त्यालाच महिना जातो.