मँचेस्टरच्या पानांवरचे काळे ठिपके

प्रश्न : माझी लेक मँचेस्टरला असते. तिच्या घरासमोर सिकॅमोरची झाडं आहेत. ऑगस्टपासून त्यांच्या पानांवर डांबर उडाल्यासारखे काळे ठिपके दिसू लागलेत. रस्ता वर्दळीचा आहे, त्यामुळे हा गाड्यांच्या धुराचाच परिणाम असं ती म्हणते. घरात दोन वर्षांची नात आहे, म्हणून जिवाला घोर. आमच्या दारच्या आंब्याची पानंही काळी पडली आहेत. दोन्हीकडे कारण एकच असेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, ते ठिपके धुराचे नाहीत. ती ऱ्हायटिस्मा ॲसेरिनम नावाची बुरशी आहे. वनस्पतिशास्त्र शिकवत होतो तेव्हा मी हे उदाहरण वर्गात आवर्जून घ्यायचो, कारण या बुरशीचा हिशेब आपल्या अंदाजाच्या अगदी उलटा चालतो. कोळशाच्या काळात ब्रिटनच्या कारखानदारीच्या शहरांत ती जवळजवळ दिसतच नसे. बाहेर खेड्यांकडे जावं, तिथे पानं ठिपक्यांनी भरलेली!

त्याचं कारण गंधक. कोळसा जळला की सल्फर डायऑक्साइड हवेत जातो आणि पानावरच्या ओलाव्यात विरघळतो. बुरशीचं बीजाणू नेमकं त्याच ओलाव्यात रुजत असतं. ते तिथेच मरतं. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. भुरी आली की तोही गंधकच मारतो. लंडनच्या 1952 च्या जीवघेण्या धुरक्यानंतर 1956 मध्ये तिकडे स्वच्छ हवेचा कायदा झाला, पुढे घरोघरचा कोळसाही गेला. हवेतला गंधक कमी झाला तसा शहरी बागांतल्या गुलाबांवर काळ्या ठिपक्यांचा रोग वाढला. सिकॅमोरच्या पानांवरचे ठिपके मोजून हवेतल्या गंधकाचा अंदाज बांधावा, अशी पद्धत 1976 मध्ये तिथल्या संशोधकांनी मांडली. आज ब्रिटनचं सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन 1970 च्या मानाने 95 टक्क्यांहून अधिक घटलं आहे. तुमच्या लेकीच्या दारात ही बुरशी सुखाने नांदते आहे ती त्यामुळे.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. ही बुरशी हिवाळा काढते तो गळून पडलेल्या पानांत. वसंतात झाडाला कोवळी पालवी फुटते, त्याच सुमारास जमिनीवरच्या जुन्या काळ्या डागांना चिरा पडतात आणि आतून सुईसारखी, चिकट आवरणाची बीजाणू वर उडतात. ती नव्या पानाला चिकटतात. आधी पिवळट डाग पडतो, उन्हाळा सरता सरता तो काळा, जाडसर होतो. म्हणजे झाडाखालची पानं झाडून नेली की पुढच्या वर्षीचं बियाणंच गेलं. एडिंबरामध्ये 1988 मध्ये हेच दाखवलं गेलं : शहरात ठिपके कमी असण्यामागे हवेपेक्षा पानं उचलून नेण्याचा वाटा मोठा होता. म्हणून ठिपके नाहीत एवढ्यावरून हवा वाईट ठरवणं मला पटत नाही. ठिपके असतील तर मात्र तिथे गंधकाचा फार त्रास नाही, एवढं म्हणता येतं.

नातीच्या काळजीचं उत्तर या पानांवर मिळणार नाही. गाड्यांचा धूर म्हणजे मुख्यतः नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण. त्यांच्याबद्दल हे ठिपके काहीच सांगत नाहीत. त्यांची मोजमापं तिथल्या सरकारी संकेतस्थळावर रोज मिळतात, लेकीला ती पाहायला सांगा. वर्दळीच्या वेळी बाबागाडी मुख्य रस्त्याऐवजी आतल्या गल्लीतून न्यावी, हे तर मी आजच सांगेन. झाडावर फवारणी नको. ठिपक्यांनी त्याचं काही बिघडत नाही.

आता तुमचा आंबा. पानावरून ओलं बोट फिरवा. सिकॅमोरचा ठिपका पुसून जात नाही, तो पानाच्या आतच असतो. तुमच्या पानावरचा काळा थर मात्र निघून येईल. हाताला करकरीत, करडं लागलं तर ती रस्त्याची धूळ. पान चिकट असेल, मुंग्या फिरत असतील, तर ती काजळी बुरशी. तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण पानाचा रस शोषून जो गोड चिकटा टाकतात, त्यावर ती वाढते. अशा वेळी बुरशीनाशकावर पैसे घालवू नका; पानाच्या मागच्या बाजूला आणि मोहोरात कीड शोधा. तिचा बंदोबस्त झाला की काजळी वाळते आणि पापुद्र्यांनी गळून जाते.