निसरडं, बुळबुळीत आणि तेल लावलेला पैलवान

प्रश्न असा आला आहे : पावसात कोल्हापूरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांना निसरड्या म्हणायचं, घसरड्या की बुळबुळीत? आणि शब्दात कधीच न सापडणाऱ्या पुढाऱ्याला 'निसरडा नेता' म्हटलेलं चालेल का?

घाटापुरतं तिन्ही चालेल. मागून कुणीतरी 'हळू उतर भावा, पायरी लई बुळबुळीत झाल्या' म्हणालं की काम भागतं. 'निसरडा नेता' मात्र मला पटत नाही. आपल्या भाषेत पायाखालचे शब्द वेगळे आणि हातातले वेगळे, आणि निसरडं हे कायम पायाखाली असतं. वाट, बांध, मोरी, शेवाळलेली फरशी. 'निसरणे' या क्रियापदापासून ते आलं, आणि त्याच्या मुळाशी संस्कृतातलं निःसरण, म्हणजे बाहेर पडणं, सुटून जाणं. म्हणजे कुठल्याही महापालिकेच्या जलनिःसारण विभागाशी या शब्दाची भाऊबंदकी आहे. पावसाळ्यात ती रस्त्यावर उघड दिसते, ते सोडा.

बोलताना आपण बहुतेक वेळा विशेषण वापरतच नाही. 'तिकडनं जाऊ नको, घसरतंय' म्हणतो. कोण घसरतंय? कुणीच नाही. 'पाऊस पडतोय'मध्ये निदान पाऊस तरी आहे, इथं तर कर्ताच गायब. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. असं पाणी चढून ओसरल्यावर पायऱ्यांवर बारीक, मऊ गाळाचा थर बसतो, आणि मग चार दिवस सगळ्या घाटावर नुसतं 'घसरतंय'. दोष जागेचा, माणसाचा नाही, हे त्या बिनकर्त्याच्या वाक्यात आलंच. 'घसरडं' हे या 'घसरतंय'चंच विशेषण. छापील मराठीत निसरड्याचा मान मोठा, एवढाच काय तो फरक.

लाक्षणिक अर्थही याच जागेवरून निघालेत. निसरडं वय, निसरडी वाट, निसरडा विषय. प्रत्येक ठिकाणी माणूस वर उभा आहे आणि तोल त्याचा जातोय. नेता कुणाच्या पायाखाली नसतो. निवडून आल्यावर तर नाहीच.

हातातला शब्द म्हणजे बुळबुळीत. मासा, ओला साबण, आंब्याची कोय, चिरलेली भेंडी. माणसाला लावला की यात तिरस्कार येतो. बुळबुळीत भूमिका, बुळबुळीत धोरण म्हणजे कणा नसलेलं, 'बुळचट'च्या शेजारी बसणारं. धूर्तपणा यात अजिबात नाही, उलट धमकच नाही. आपल्या भागातल्या गुऱ्हाळावर मात्र या बुळबुळीतपणाला किंमत असते. रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवतात. हात घालून वर काढला तर तारा लोंबाव्यात असं चिकट-बुळबुळीत पाणी तयार होतं. ते काहिलीतल्या तापत्या रसात सोडलं की रसातली घाण त्यात गुरफटून मळी होऊन वर येते, आणि गुळव्या ती काढून टाकतो. तेव्हा भेंडीच्या बुळबुळीला नाक मुरडणाऱ्यांनी गूळ खाताना हे आठवावं.

मग शब्दात न सापडणाऱ्या पुढाऱ्याला म्हणायचं काय? त्यासाठी मराठीत आयता शब्दप्रयोग आहे आणि तो आपल्या तालमीतला आहे : अंगाला तेल लावलेला पैलवान. महाराष्ट्रातल्या एका बड्या नेत्याला तो इतका चिकटलाय की नाव घ्यायची गरज नाही. तो कळायला मातीतली कुस्ती डोळ्यांसमोर आणावी लागते. आखाड्याच्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळलेली असते. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात जोड लागली की पैलवान आधी मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकतो. घामानं पकड सुटू नये, कुस्ती निकाली व्हावी, म्हणून. तेल मालिशीला, लढतीला माती. आता जो तेल पुसलंच नाही अशा अंगानं उतरलाय, त्याला पट काढायला जा, मांडी निसटणार. मानेवर हात टाका, तोही सरकणार. म्हणून या शब्दप्रयोगात कौतुक आहे, पण 'हा सरळ खेळत नाही' ही तक्रारही आहे. 'निसरडा नेता'मध्ये यातलं काहीच येत नाही. तो इंग्रजीवरून उचललेला प्रयोग आहे, आणि आपल्याकडे इतका पैलवानी माल पडून असताना तो उचलायचं कारण नाही. फार तर 'ताकास तूर लागू देत नाही' म्हणा.

हातातून जातं ते निसटतं : संधी, शब्द, चोर, सामना. 'निसटता विजय' हा गुणांच्या आणि मतांच्या मोजणीतला. चितपटीत पाठ एकतर टेकते किंवा टेकत नाही.

गुळगुळीत आणि गुळमुळीत यांचीही गल्लत होते. गुळगुळीत ते स्पर्शाला : गोटा, दाढी, नवा रस्ता, किंवा वापरून वापरून झिजलेलं विशेषण. पत्रकार परिषदेत मिळतं ते उत्तर गुळमुळीत.

राहिलं घसरणे. बातम्यांनी या क्रियापदाला फार राबवलंय. रुपया घसरतो, पारा घसरतो, दर्जा घसरतो, गुळाचे दर घसरतात. गुळाबद्दल बोलणारा व्यापारी अजून 'दर उतरला' म्हणतो, आणि एकदम आपटला तर 'पडला'. या दोन शब्दांत जो फरक आहे तो 'घसरला'त बुडून जातो. 'पाय घसरला' हा टोमणा बहुतेक वेळा बाईलाच मारतात. पुरुषाची फार तर जीभ घसरते, आणि संध्याकाळी खुलासाही येतो. पण मला सगळ्यात आवडतो तो 'वर घसरणे'. 'अध्यक्ष कार्यकर्त्यांवर घसरले' म्हणजे त्यांनी कार्यकर्त्यांना झापलं, बोलता बोलता तोंड सोडलं. यातलं 'कार्यकर्त्यांवर' छापताना गळलं, तर उरतं 'अध्यक्ष घसरले', आणि मग त्याच कार्यकर्त्यांना त्यांना उचलायला पळावं लागेल.