१८६२ चे तीन रुपये, तिन्हीत खोट, ठेवायचा कुठला?

तुमच्याकडे व्हिक्टोरियाचे १८६२ चे तीन रुपये झालेत, एक घासून चकचकीत केलेला, एकाची दागिन्याची कडी काढलेली, तिसरा झिजलेला आणि त्यावर सराफाच्या खुणा, आणि अल्बममध्ये एकच ठेवायचाय. ठीक आहे, पण आधी हे तिन्ही खरंच डबल, म्हणजे अगदी एकाच प्रकारचे आहेत का ते तर बघा. १८६२ लिहिलेला रुपया फक्त १८६२ मध्ये पाडलेला नाही, पुढची दहाएक वर्षं तीच तारीख चालू होती, खरं वर्ष टाकायला परत सुरुवात झाली ती १८७४ ला. मधल्या काळातली नाणी ओळखायला मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला बारीक टिंबं दिली. भिंग घ्या आणि तारखेखाली बघा, वरच्या बाजूलाही बघा, टिंबं किती आहेत ते मोजून लिहून ठेवा. पुढच्या बाजूला राणीच्या पोशाखाच्या नक्षीतही टाइप आहेत. टिंबं वेगळी निघाली तर ते डबल नाहीतच, प्रश्नच मिटला, मग खोट असली तरी दोन्ही ठेवायचे. कितीतरी जण ‘डबल आहे’ म्हणून दुर्मिळ टिंबांचा रुपया देऊन टाकतात आणि सर्रास मिळणारा पण चकचकीत तेवढा ठेवतात.

आता धरून चालू की टिंबंही सारखीच आहेत. तर माझ्या मते सगळ्यात आधी घासलेला जाईल. लोकांना तोच आवडतो कारण पांढराशुभ्र दिसतो, पण दिव्याखाली तिरपा धरून हळूहळू फिरवा, मोकळ्या जागेत बारीक रेघा दिसतील, बहुतेक सगळ्या एकाच दिशेने, आणि मूळ चमक असती तर ती नाण्यासोबत गोल फिरली असती, इथे नुसती सपाट लकाकी आहे. वर्षानुवर्षं ठेवला तर काळपटपणा परत येईल, पण त्या रेघा काही जात नाहीत. वरचा थर गेला तो गेला.

कडीवाल्याचं जरा नीट बघावं लागेल. काठावरच्या रेघा बोटाने चाचपत जा, कडी होती तिथे गुळगुळीत लागेल नाहीतर कडी जोडायला डाग (सोल्डर) दिलेल्याचा उंचवटा लागेल. वजनही करा, मूळ वजन ११.६६ ग्रॅम, थोडं कमी असणं हे झिजेमुळे चालतं पण जास्त भरलं तर बहुधा डागाची धातू अजून चिकटलेली आहे, आणि फारच फरक असेल तर नाणं अस्सल आहे का हीच शंका घ्या, व्हिक्टोरियाच्या रुपयाच्या नकला भरपूर आहेत. खोट फक्त काठापुरती असेल आणि दोन्ही बाजू स्वच्छ वाचता येत असतील तर हा रुपया बघायला तिघांत उजवा ठरू शकतो. पण कानस चेहऱ्यापर्यंत किंवा टिंबांपर्यंत आली असेल तर मग काही अर्थ नाही, या नाण्यात वाचायची गोष्टच ती आहे.

मी स्वतः तिसरा ठेवेन. सराफांनी चांदी खरी का हे बघायला ते छोटे ठोके मारलेले असतात, तो नाण्याच्या वापराचाच भाग झाला, आणि मुख्य म्हणजे पृष्ठभाग मूळचा आहे, कोणी हात लावलेला नाही. अट एकच, ठोका राणीच्या गालावर किंवा तारखेवर नको. मोकळ्या जागेत असेल तर मला तो खटकत नाही (काहींना खटकतो, त्यांनी कडीवाला ठेवावा, भांडण नाही).

टांकसाळीतच झालेली खोट मात्र या हिशोबात धरू नका. साच्याला गेलेल्या तड्याची उठलेली रेघ, सरकलेला छाप, कडेने कापलेली चकती, हे डबल असलं तरी ठेवायचंच. कमकुवत छाप आणि झीज यातही गल्लत होते, राणीचे केस सपाट आहेत पण आजूबाजूची मोकळी जागा ताजी, चमकदार असेल तर ते नाणं वापरून झिजलेलं नाही, छापच नीट बसला नव्हता.

उरलेले देताना खोट सांगूनच द्या, वितळवायला नको. आणि तिन्ही जर मऊ पीव्हीसीच्या पाकिटात असतील तर आजच काढा, त्याने हिरवट चिकट थर धरतो आणि तो चांदीला खात राहतो. थर धरलाच असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा, घासू नका, नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. आणि हे करायला खिडक्या उघड्या ठेवा, गॅसपासून लांब बसा.