बंदा सिंग बहादूर नांदेडचे होते का? पंजाबात त्यांनी असं काय केलं?

जन्माने नाही. जन्म १६७० चा, जम्मूतल्या राजौरीचा, नाव लछमन देव. शिकारीत गाभण हरिणी मारली गेली, तिची पाडसं डोळ्यांदेखत गेली आणि पोरगा बैरागी झाला, अशी कथा आहे. माधोदास या नावाने फिरत फिरत तो नांदेडला गोदाकाठी मठ करून राहिला. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग तिथे आले. माधोदासाने मंत्राच्या जोरावर गुरूंचा पलंग उलटवायचा प्रयत्न केला वगैरे गोष्टी रंगवून सांगतात, त्या ऐकायला छान आहेत. माझ्या मते खरी गोष्ट पुढेच आहे.

गुरूंनी त्याला 'बंदा' म्हणजे आपला सेवक केलं. पाच बाण, नगारा, निशाण, सोबत मोजके शीख आणि पंजाबातल्या शिखांच्या नावे हुकूमनामे देऊन उत्तरेला धाडलं. फौज दिली नव्हती. ती उभी राहिली त्या हुकूमनाम्यांवर आणि जमीनदार-फौजदारांच्या जाचाला विटलेल्या कुळांवर. नोव्हेंबर १७०९ मध्ये समाना हे शहर पडलं. मे १७१० मध्ये छप्पर चिडीच्या लढाईत सरहिंदचा मुघल फौजदार वजीर खान मारला गेला. गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना भिंतीत चिणणारा तो हाच. नांदेड सोडल्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती!

शिवालिकच्या पायथ्याच्या लोहगडाला राजधानी करून त्यांनी नाणी पाडली. जिंकलेला माणूस नाण्यावर आधी स्वतःचं नाव घालतो. या नाण्यांवर नानक आणि गोविंदसिंग आहेत, बंदाचं नाव कुठेच नाही. शिक्क्यावरही 'देग, तेग, फतह' (लंगरची कढई, तलवार, विजय) आणि गुरूंचीच नावं. जमिनी कसणाऱ्यांच्या नावे केल्या, असंही सांगतात. नाण्याची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते.

डिसेंबर १७१० मध्ये बादशाही फौजेने लोहगड वेढला. बंदाचा वेष घेऊन गुलाब सिंग मागे थांबला, बंदा निसटले. पुढची पाच वर्षं पहाडात आणि मैदानात धावपळ. शेवटी १७१५ मध्ये गुरदास नंगलच्या गढीला वेढा पडला. आठ महिने टिकाव धरला. दाणागोटा संपल्यावर घोडे, गाढवं, झाडपाला, जे मिळेल ते खाल्लं. ७ डिसेंबरला पकडले गेले.

लोखंडी पिंजऱ्यात घालून त्यांना दिल्लीला नेलं, बरोबर सातशेहून जास्त कैदी. मार्चमध्ये रोज शंभरेक जणांची कत्तल चालली. ९ जून १७१६ ला मेहरौलीत आधी चार वर्षांचा मुलगा अजय सिंग, मग बंदा. हे फक्त भक्तांचं वर्णन समजू नका. ईस्ट इंडिया कंपनीचे वकील तेव्हा मुघल बादशहा फर्रुखसियरकडून फर्मान मिळवायला दिल्लीत येऊन बसले होते. कैद्यांतल्या एकानेही धर्म सोडल्याचं दिसलं नाही, असं त्यांनी १० मार्चच्या पत्रात कलकत्त्याला कळवलं आहे.