योगाने खरंच तब्येत सुधारते का, की नुसती हवा?
सुधारते, पण जादूची कांडी नाही हां. जुनाट कंबरदुखीत तर चांगलाच उपयोग होतो, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्येपण गोळ्यांच्या आधी जे उपाय करून बघायला सांगितलेत त्यात योगा आहे. आणि टेन्शनचं म्हणाल तर आत्ताच मनगटावर नाडी धरून बसा, ४ मोजत श्वास घ्या आणि ८ मोजत सोडा, सोडताना ठोके हळू पडतात ते बोटांना कळतं, कारण मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नर्व्ह (एक नस) हृदयाला ब्रेक लावते. बाकी बीपी-शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका, आणि काचबिंदू असेल तर शीर्षासन बिलकुल नको, डोळ्यातलं प्रेशर वाढतं.