एम.लिब. (ग्रंथालयशास्त्रातली मास्टर्स) करून ‘शिकवायला’ मिळेल का?

“सर, मला काउंटरवर पुस्तकं द्यायची नाहीत, कॉलेजच्या पोरांना माहिती शोधायची कशी, तपासायची कशी ते शिकवायचंय, पण घरचे म्हणतात असली नोकरीच नसते,” असं तू लातूरहून लिहिलंयस.

घरच्यांचं अर्धं बरोबर आहे बघ. माहिती शोधायला शिकवणाऱ्याची जाहिरात आपल्याकडे शोधून सापडायची नाही. जाहिरात निघते ती ग्रंथपालाची नाहीतर असिस्टंट लायब्ररियनची, त्याला मास्टर्सला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट (प्राध्यापक-ग्रंथपाल पात्रतेची परीक्षा) लागतं, सुरुवातीचा बेसिक ५७,७००. तेव्हा नेटचा ५९ नंबरचा विषय, म्हणजे ग्रंथालयशास्त्र, आधी उरकून टाक. आणि अनुदानित कॉलेजात पर्मनंट जागा कधी निघेल याचा भरवसा नाही, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

शिकवायला वाव मात्र आहे. यूजीसीने पीएचडीवाल्यांना २ क्रेडिटचा रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा कोर्स कंपलसरी केलाय, त्यात डेटाबेस, ओपन अ‍ॅक्सेस (फुकट वाचता येणारं संशोधन), प्लेजरिझम (दुसऱ्याचं लिखाण चोरणं) सगळं येतं आणि हे धड येणारा माणूस बऱ्याचदा लायब्ररीतच बसलेला असतो. २०१८ च्या नियमाने दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० ते ४० टक्के निघालं की थिसिस दुरुस्तीला परत, मग सगळे पळतात कुठे, तर लायब्ररीत! २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेमुळे सरकारी विद्यापीठं-कॉलेजांना १३ हजारांच्या आसपास जर्नल्स खुली झालीत, तरी पोरं गुगलचा पहिला रिझल्ट उचलून मोकळी.

म्हणून नोकरीची वाट बघत बसू नकोस, आत्ताच शेवटच्या वर्षाच्या एखाद्या प्रोजेक्ट बॅचचा एक तास मागून घे. ‘माहितीचे स्रोत व प्रकार’ असलं काही सुरू केलंस की पोरं मोबाइल काढणार, त्यापेक्षा त्यांच्याच रिपोर्टमधले रेफरन्स त्यांनाच उघडायला लाव. प्रत्येकाचा डीओआय नंबर (प्रत्येक पेपरला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) डीओआय डॉट ओआरजीवर टाकायचा, बस. चॅटजीपीटीने दिलेला असला तर कधी काहीच उघडत नाही, कधी सोयाबीनच्या रेफरन्सवर भलताच मेडिकलचा पेपर समोर येतो, आणि लेखक, जर्नल, साल सगळं अगदी खरं वाटेल असं छापलेलं. हे स्वतःच्या रिपोर्टात दिसलं की वर्ग आपोआप गप्प होतो. मग शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएचडी थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावर, नुसतं ‘ड्रॉट’ (दुष्काळ) टाकून केवढा ढीग येतो ते दाखव, आणि जिल्हा, वर्षं, विषय घालत तो खाली कसा आणायचा तेही.

तासाआधी आणि तासानंतर तेच दोन-तीन प्रश्न लिहून घे, ते कागद जपून ठेव आणि एचओडींकडून सही-शिक्क्याचं पत्र घ्यायला विसरू नकोस, इंटरव्ह्यूला नुसतं “मी शिकवलंय” चालत नाही, कागद दाखवावा लागतो.