प्रश्न वाचकांचे : घरच्या संगणकाची रॅम वाढवताना

प्रश्न : आमच्या घरी २०१२ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि विंडोज १० आहे. ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले की संगणक अडकतो. दुकानदार नवा घ्या म्हणतात. रॅम मला स्वतःला वाढवता येईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अवश्य येईल. बसवण्याचे काम फार तर दहा-पंधरा मिनिटांचे आहे. पैसे वाया जातात ते बसवताना नव्हे, तर चौकशी न करता खरेदी केल्यामुळे. म्हणून कॅबिनेट उघडण्यापूर्वी संगणक खरोखर रॅमअभावीच, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी कमी पडल्यामुळेच, अडतो आहे का, हे पाहून घ्यावे. नेहमीचे काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यास टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात मेमरीचा वापर ८५-९० टक्क्यांच्या वर गेलेला दिसत असेल आणि त्याच वेळी डिस्कही शंभर टक्क्यांवर खिळलेली असेल, तर रॅममध्ये न मावणारा मजकूर विंडोज सतत हार्ड डिस्कवर टाकत आणि परत उचलत आहे, असे समजावे. हार्ड डिस्क रॅमपेक्षा कित्येक पटींनी मंद असल्यामुळे सगळे काम तिच्या गतीने चालू लागते. मात्र निम्मी मेमरी रिकामी असूनही डिस्क शंभर टक्क्यांवर असेल, तर रॅम वाढवून फरक पडणार नाही. तेथे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवण करणारी वेगवान डिस्क, बसवणे हाच उपाय आहे.

टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर एकूण किती स्लॉट, म्हणजे रॅमच्या पट्ट्या बसवण्याच्या जागा, आहेत आणि त्यांपैकी किती वापरात आहेत, हेही लिहिलेले असते. आपल्या चिपसेटच्या बोर्डांवर सहसा दोनच स्लॉट असतात आणि हा चिपसेट कमाल १६ जीबी रॅम स्वीकारतो. सध्या एकच ४ जीबीची पट्टी असेल तर तशीच दुसरी घेतली की झाले. पण २ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर निदान एक तरी काढावीच लागेल. विंडोज ३२-बिट नाही ना, हेही सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खालच्या ‘अबाउट’मध्ये पाहावे, कारण घरगुती ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही आणि प्रत्यक्षात त्याहूनही थोडी कमीच हाती लागते.

आपल्याला लागणारी रॅम डीडीआर-थ्री प्रकारची, २४० पिनांची आहे. दुकानात आज सर्रास दिसणाऱ्या डीडीआर-फोर आणि डीडीआर-फाइव्ह पट्ट्या २८८ पिनांच्या असतात आणि त्यांची खाचही वेगळ्या जागी असल्यामुळे त्या आपल्या स्लॉटमध्ये जाणारच नाहीत. आपला प्रोसेसर १३३३ च्या गतीपर्यंतच (पट्टीवर छापलेला वेगाचा आकडा) रॅम चालवतो. त्यामुळे १६०० ची पट्टी घेतली तरी चालेल, पण ती १३३३ नेच धावेल. तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत वापरलेल्या डीडीआर-थ्री पट्ट्या मिळतात आणि आपल्या कामाला त्या पुरेशा आहेत. ऑनलाइन खरेदीत मात्र एक सापळा ओळखून असावे. फार स्वस्त दिसणाऱ्या काही डीडीआर-थ्री पट्ट्या केवळ एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या बोर्डांवर चालतात आणि ही अट वर्णनात बारीक अक्षरांत कोठेतरी लिहिलेली असते. आपल्यासारख्या इंटेल प्रोसेसरच्या बोर्डावर अशी पट्टी लावल्यास डिस्प्लेच येत नाही.

बसवताना संगणक बंद करून भिंतीवरचे बटण बंद करावे, एसएमपीएसची (कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याच्या डब्याची) वायर काढावी आणि मग कॅबिनेटचे पॉवर बटण काही सेकंद दाबून धरावे. बोर्डावर बारीक दिवा असल्यास तो त्याने विझतो व उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. हिवाळ्यातील कोरड्या हवेत हे टाळू नये. पट्टी कडेने धरावी, सोनेरी पिनांना बोट लावू नये. स्लॉटच्या खिट्ट्या बाहेर सारून, पट्टीची खाच स्लॉटमधील उंचवट्याशी जुळवून, दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. दाब अपेक्षेपेक्षा जास्त लागतो आणि नवखा माणूस नेमका येथेच कचरतो. खिट्ट्या ‘टक्’ असा आवाज करून आपोआप बसेपर्यंत दाबावे. खाच जुळत नसेल तर मात्र जराही जोर न करता पट्टी फिरवून पाहावी.

दोन्ही स्लॉटमध्ये सारख्या क्षमतेच्या पट्ट्या असल्यास बोर्ड दोन्ही एकाच वेळी वाचतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला त्याचा विशेष लाभ होतो, कारण चित्र उमटवण्याचे कामही तो याच रॅममधून करतो.

माझे मत विचाराल तर ८ जीबीवर थांबावे. विंडोज १० चा नियमित आधार (कंपनीकडून मिळणारी सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ साठी मान्य असलेल्या यादीत आपला प्रोसेसर नाही. एक पट्टी, एक एसएसडी आणि विंडोजऐवजी एखादी हलकी लिनक्स प्रणाली एवढ्यावर हे यंत्र पत्रव्यवहार, बँकेची कामे आणि मुलांचा अभ्यास यांसाठी आणखी काही वर्षे सहज चालेल. त्यापलीकडे त्यावर खर्च करणे मला पटत नाही.

प्रश्न : लॅपटॉपमध्येही असेच करता येते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : यंत्रावर अवलंबून आहे. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल तर ती बहुधा तशीच आहे. तरी एखादा मोकळा स्लॉट आहे का, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. ‘सोडिम’ असे असेल तर आखूड पट्टी लागेल. डीडीआर-थ्रीच्या काळातील नंतरच्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची पट्टी लागते, १.५ व्होल्टची चालत नाही. मागचे झाकण काढल्यावर प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी.

प्रश्न : नवी रॅम लावल्यापासून डिस्प्ले येत नाही आणि बीप वाजत राहतो. रॅम खराब निघाली का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : तसे लगेच मानू नये, बहुतेक वेळा पट्टी एका टोकाला अर्धवट बसलेली असते. वीज तोडून ती काढावी, पिना मऊ खोडरबराने हलकेच पुसाव्यात, रबराचे कण ब्रशने झाडावेत आणि पुन्हा नीट दाबून बसवावी. तरीही बीप थांबला नाही, तर जुनी पट्टी काढून नवी एकटीच त्याच स्लॉटमध्ये लावून पाहावी. त्या स्लॉटमध्ये जुनी चालते आणि नवी चालत नाही, असे दिसले तर दोष नव्या पट्टीत आहे किंवा ती आपल्या बोर्डाला जुळणारी नाही. संगणक सुरू होतो पण मध्येच निळा पडदा येतो, अशा वेळी विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणी चालवावी. तिच्यात चुका आढळल्यास पट्टी बिलासह दुकानात परत न्यावी. तिच्यावरील स्टिकर काढू नये, कारण त्यावरील क्रमांक पाहूनच वॉरंटी मान्य केली जाते.